बारमाही सायकल

आज सकाळी शेजारच्या गच्चीवर कूलरला नवा वाळा बसवला. पहिलं पाणी सोडलं तसा तो ओला, मातकट वास भिंत ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात आला आणि मी चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिलो. बायको म्हणाली, लागला उन्हाळा. मी म्हटलं, लागला. आमच्या घरात उन्हाळ्याचं स्वागत एवढंच होतं.

पावसाचं कौतुक ज्यांना करायचं त्यांनी खुशाल करावं. नागपूरच्या माणसाला खरा ऋतू एकच. पाऊस आला तर येतो, थंडी पडली तर चार दिवस पडते, उन्हाळा मात्र मुक्कामाला येतो. सोयऱ्यासारखा खाटेवर बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. बाहेरगावचे लोक विचारतात, तुम्ही तिथं राहता तरी कसे हो? राहता कसे म्हणजे काय? दुपट्टा बांधतो, कांदा खिशात टाकतो, पन्हं पितो आणि राहतो. त्या उन्हाला आम्ही दिवसभर शिव्या देतो, पण दुसऱ्या कुणी एक दिली की आमच्याच नाकाला मिरच्या झोंबतात.

वाळ्याचा वास आला की मला दरवर्षी तो एकच उन्हाळा आठवतो. मितूच्या सायकलचा.

मितू म्हणजे आमची मुलगी, मिताली. एकुलती एक. कॉलेजात असताना तिला रेसच्या सायकलचं वेड लागलं. ती सायकल म्हणजे काय सांगू! बोटाएवढे टायर, चाकूच्या पात्यासारखी सीट, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही, साधी घंटीसुद्धा नाही. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, बाकीची केव्हा येणार आहे? मितू पोट धरून हसली होती. उजाडायच्या आत ती आमच्या हुडकेश्वरहून निघून उमरेड रोडला लागायची आणि ऊन चढायच्या आत परत यायची. मी फाटकाशी उभा असायचो. पेपरवाल्याची वाट पाहतो असं सांगायचो, आणि पेपरवाला येऊन गेला तरी उभाच असायचो.

मग त्या हिवाळ्यात, धुक्याच्या एका पहाटे, तिच्यासमोर कुत्रं आडवं आलं. ती पडली, खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चालव बिनधास्त. पण मितूचं आतलं काही जुळलं नाही. पेडलवर पाय ठेवला की तिचे हात कापायचे. सायकल सुटली, मग स्कूटी सुटली, मग रस्ता ओलांडतानाही ती आईचा दंड धरायला लागली. बर्डीतल्या एका ऑफिसात नोकरी चालून आली होती, सगळं ठरलंही होतं, आणि जायच्या आदल्या दिवशी ती नाही म्हणाली. आई म्हणाली, ऑटोनं जा, मेट्रोनं जा, मी सोडायला येते. मितू म्हणाली, फाटकाबाहेर पायच टाकवत नाही. त्यानंतर ती खिडकीशी बसायला लागली आणि सायकल मागच्या खोलीत गव्हाच्या कोठीशेजारी उभी राहिली. ही पोर अशीच घरात मिटून जाईल आणि आपण पाहत राहू, या एका भीतीनं मला त्या दिवसांत जेवण गोड लागत नव्हतं.

होळी झाली, ऊन चावायला लागलं, आणि एका रात्री ताटावर बसून मी जाहीर केलं की उद्यापासून मी सदरला ऑफिसात सायकलनं जाणार. मितूच्या सायकलनं. शुगर वाढली होती हे खरंच होतं. पण खरं कारण बायकोनं पोळी वाढता वाढताच ओळखलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सोय तिच्यापुढे कधीच नव्हती. माझा विचार अगदी सरळ होता. आपली सायकल बाप धोपटून राहिला हे पोरीला बघवणार नाही. ती चिडेल, माझ्या हातून हिसकावून घेईल, आणि एकदा हातात घेतली की आज ना उद्या चढेल. मनातल्या मनात मी स्वतःची पाठसुद्धा थोपटून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी अंगणात मी त्या सायकलवर चढलो तो देखावा आमच्या गल्लीत अजून सांगितला जातो. सीट माझ्या छातीएवढी उंच. पाय जमिनीला टेकत नव्हते, हात हँडलला पोचेपर्यंत नाक पुढच्या चाकावर. डबा मी सुतळीनं हँडलला बांधला होता आणि तो गुडघ्यावर आपटत होता. शेजारच्या बोरकर काकू भाजी निवडायची सोडून कुंपणाशी आल्या. मी अंगणात एक फेरी मारली, तुळशीच्या कुंडीला टेकलो, आणि वर पाहिलं तर पायरीवर मितू उभी.

"बाबा, असे मरान तुमी," ती म्हणाली.

कित्येक आठवड्यांत तिनं आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मला ते आशीर्वादासारखं लागलं. त्या दिवशी मी बसनं ऑफिसला गेलो.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा सायकल अंगणात उलटी ठेवलेली होती आणि मितू तिच्यापुढे मांडी घालून बसली होती. म्हटलं, झालं, नेम बरोबर लागला. पण पोरीनं माझ्या हातून सायकल हिसकावली नाही. ती माझ्यासाठी तयार करायला बसली होती.

रेसची सायकल बारा महिने ऑफिसला न्यायची म्हणजे खायचं काम नाही, हे मला त्या संध्याकाळींत कळलं. तिला कॅरिअर बसवायला भोकंच नसतात. मितूनं सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरिअर शोधून आणलं. पातळ टायर काढून जाड घातले, पण किती जाड? ब्रेकच्या आणि टायरच्या मधून घडी घातलेला कागद सरकवून पाहायची. कागद अडला की म्हणायची, हा नाही चालणार. पट्ट्यांनी बांधायचे मडगार्ड आणले आणि ते आखूड पडतात म्हणून तेलाचा जुना प्लास्टिकचा डबा कापून खाली झालर लावली. हँडल वर उचललं. बुटाला अडकणारी पेडलं काढून साधी रुंद पेडलं लावली. आरसा, घंटी, मागं लाल लुकलुकणारा दिवा. मी शेजारी पाटावर बसून पाना द्यायचो, आणि मुद्दाम चुकीचा द्यायचो. तिनं रागवावं म्हणून. ती रागवायची आणि मला बरं वाटायचं.

ती बोलायला लागली होती, हे महत्त्वाचं. पाना फिरवता फिरवता बोलायची. पावसाळ्यात ब्रेक उशिरा लागतात, आधीपासून दाबत जायचे. उन्हाळ्यात हवा कच्च भरायची नाही, दुपारच्या डांबरावर ट्यूब फुटते. बाटलीला जुना मोजा ओला करून चढवायचा म्हणजे पाणी थंड राहते. हँडलची काळी पट्टी उन्हानं चिकट होते, म्हणून तिनं वरून पांढरं सुती कापड गुंडाळलं. हिवाळ्यात समोरचा दिवा पिवळा पाहिजे, डिसेंबरात धुकं असलं की... इथपर्यंत आली आणि थांबली. पाना तसाच हातात राहिला. मग तिनं तो पिवळा दिवा घट्ट आवळला आणि आत जाऊन हात धुतले.

मला मात्र एकेका नटाबरोबर आत काहीतरी टोचत होतं. शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपावा तशी ती सायकल माझ्या मापाची होत चालली होती. तिनं भांडावं म्हणून मी हे सोंग आणलं होतं आणि ती तर आपली एकेक खूण पुसून मला जागा करून देत होती. शेवटी सीट उतरवायची वेळ आली. सीटच्या दांड्यावर तिच्या उंचीची एक निळी चिकटपट्टी होती. प्रवासात सीट काढली तरी परत तिथंच बसावी म्हणून तिनं लावलेली. ती तिनं नखानं खरवडून काढली. मला राहवलं नाही.

"राहू दे न वं ती. तुले लागन न उद्या."

"मले नाही लागत आता," ती म्हणाली. "तुमचा पाय जमिनीले टेकला पाहिजे."

मी उठून मागच्या अंगणात गेलो आणि उगाच बादलीतलं पाणी जास्वंदीला घातलं. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती. म्हणाली, लय शहाणपणा केला, आता चालवा. काय करणार? चालवली.

आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. एवढी वर्षं याच शहरात काढली, पण शहर पाहिलं त्या उन्हाळ्यात. सकाळी लवकर निघायचो. मेडिकल चौकापर्यंत वारा चांगला असायचा. कुठल्याशा बंगल्याच्या कुंपणावर बहावा पिवळा लटकलेला, त्याच्या पाकळ्या झाडूवालीनं बाजूला लोटून ठेवलेल्या. बर्डीत दुकानं उघडायची असायची आणि दारांपुढे पाणी शिंपडलेलं असायचं. सदरला पोचलो की ऑफिसातले लोक मला बघायला बाहेर यायचे. एकजण रोज विचारायचा, काय गा, ऑलिम्पिकले केव्हा चालला? बायकोनं डब्यासोबत लू लागू नये म्हणून दिलेला कांदा हाच गृहस्थ जेवणात बुक्कीनं फोडून खायचा, म्हणजे मला लू लागली असती तर त्याच्याच पापानं लागली असती.

परतीचं ऊन मात्र खरं ऊन. संध्याकाळी साडेपाचलाही डांबरातून झळ वर यायची. चौकात सिग्नलवर हिरव्या जाळीचे मांडव घातलेले, त्या चार हात सावलीत कारवाले, स्कूटीवाल्या पोरी, ऑटोवाले आणि मी, सगळे अंग चोरून उभे. तोंडं दुपट्ट्यात बांधलेली, नुसते डोळे दिसायचे. त्या सावलीत कुणी कुणाला हॉर्न वाजवत नसे. बुद्धपौर्णिमेला एका वस्तीतल्या पोरांनी मला सायकलवरून उतरवून द्रोणभर खीर खायला लावली. दुसरा द्रोण मी मागून घेतला आणि शुगरमुळे ते घरी सांगितलं नाही.

घरी वळणावर आलो की दिसायचं. मितू फाटकात उभी. आधी फाटकाच्या आत असायची, नंतर फाटकाला धरून, नंतर एक पाय फाटकाबाहेर टाकून. मी दिसलो की लगेच आत निघून जायची, जशी काही कचरा टाकायला आली होती. एकदा बोरकर काकूंनी सांगितलं की पाच वाजल्यापासून ती पोर दहादा बाहेर येते. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. तिनं एवढे दिवे, आरसे, घंट्या का लावल्या ते कळलं. रस्त्यावर काय होऊ शकतं हे घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं, आणि मी त्या रस्त्यावर रोज जात होतो. मी तिला बरं करायला निघालो होतो आणि तिच्या जिवाला नवा घोर लावून बसलो होतो. मी म्हटलं, जाऊ दे, बंद करतो. बायको म्हणाली, करू नका. ती निदान फाटकापर्यंत तरी येते.

पण आमची बायको नुसतं बोलून गप्प बसणारी नाही. बाप-लेक रोज संध्याकाळी सायकलशी खेळतात आणि आपला त्यात काहीच हात नाही, याचं तिला वाईट वाटत असावं. चेन थोडी कुरकुरत होती. एका सकाळी मी आंघोळीला गेलो तेव्हा तिनं माहेरून आलेलं जवसाचं तेल घेतलं आणि चेनीला, चाकाच्या दातऱ्यांना, जिथं जिथं लोखंड दिसेल तिथं तिथं प्रेमानं पाजलं. जवसाच्या तेलावर तिचा फार विश्वास. चटणीवर तेच, दुखऱ्या गुडघ्याला तेच, खाटेच्या लाकडाला आणि दाराच्या बिजागरीलाही तेच. सायकल एकदम मुकी झाली. दोन दिवस मी बायकोचं कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पाजलं.

आता जवसाचं तेल लाकडाला का लावतात? ते वाळून घट्ट बसतं म्हणून. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, लागला होता. त्या दिवशी परतताना मेडिकल चौक मागे टाकून मी मानेवाड्याच्या रस्त्याला लागलो आणि पायाखाली काहीतरी जड व्हायला लागलं. पेडल थांबवलं की चेन ढिली होऊन लोंबायची, मारलं की कटकटायची. तेल आणि रस्त्याची धूळ मिळून नुसता डिंक झाला होता. शेवटी चेन गोळा होऊन दांडा आणि दातऱ्यांच्या मधे अशी फसली की मागचं चाक फिरेना. मी उतरलो. बोटं काळी झाली, चटके बसले, चेन हलली नाही. फोन काढला तर तो तापून बंद पडलेला. मागचं चाक उचलून सायकल ढकलत काही अंतर गेलो. मग कान सणसणायला लागले, डोळ्यांपुढे पिवळं पिवळं आलं, आणि कडुनिंबाखाली एक पाणपोई दिसली तिथं मी ओट्यावर बसलो. रांजणातलं पाणी प्यालो, डोक्यावर ओतलं. पाणपोईपाशी फोन मागायला कुणीच नव्हतं. माझी घरी पोचायची वेळ केव्हाच टळली होती. मला माझी काळजी नव्हती. फाटकाशी उभ्या असलेल्या पोरीच्या डोळ्यांसमोर आता काय काय येत असेल, ते मला दिसत होतं, आणि मी तिथं ओट्यावर बसून होतो.

किती वेळ गेला कोण जाणे. उन्हाच्या लकाकीत लांबून एक सायकल येताना दिसली. समोर टोपली असलेली, शाळकरी पोरींची गुलाबी सायकल. वर तोंड बांधलेली कुणी मुलगी, पण बसली होती अगदी वाकून, कोपरं आत घेऊन, वारा कापत यावं तशी. अशी सायकल असं कुणी चालवत नाही. ती कोपरं मी ओळखली आणि उभा राहिलो.

मितूनं ब्रेक मारला, सायकल तशीच रस्त्याकडेला टाकून दिली आणि माझे दोन्ही दंड धरले. माझी मान वळवून पाहिली, हात वर उचलून पाहिले, गुडघे पाहिले. मग दुपट्टा सोडला. तोंड लालबुंद, ओठ कोरडे. "फोन काहून बंद आहे तुमचा?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी म्हटलं, काही नाही वं, चेन फसली. तिनं रडता रडताच खाली बसून चेनीला बोट लावलं, वास घेतला, आणि रडणं अर्धं टाकून माझ्याकडे पाहिलं. जवस? मी मान हलवली. मग आम्ही दोघंही त्या पाणपोईच्या ओट्यावर बसून वेड्यासारखे हसलो. चेन उद्या रॉकेलमध्ये बुडवू, ती म्हणाली. आईले सांगू नका, तिले वाईट वाटन.

मी तिच्याकडे नुसता पाहत होतो. बोरकर काकूंच्या नातीची सायकल अंगणात दिसली आणि ही घेऊन निघाली असणार. हुडकेश्वरचा बाजार, म्हाळगीनगरचा चौक, ते सगळे बस आणि ट्रक, सगळं पार करून आली होती, आणि हे अजून तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तोंडापर्यंत शब्द आले होते. आयुष्यात मी एवढा गप्प कधी बसलो नसेन.

मितू उठली. आमची सायकल तिनं निंबाला कुलूप लावून बांधली. मग ती गुलाबी सायकल उचलायला गेली, हँडल धरून उभी केली, आणि तिथंच थांबली. आपण कशावरून आलो, ते तिला तेव्हा कळलं. ती त्या सायकलकडे पाहत राहिली. टोपली खडखडायला लागली. मी म्हटलं, राहू दे बेटा, ऑटो पाहू.

आलेल्या रस्त्याकडे तिनं एकदा पाहिलं. मग दुपट्टा पुन्हा तोंडाला घट्ट बांधला, सीटवर बसली आणि मागच्या कॅरिअरवर हात आपटला. बसा, म्हणाली. मी बसलो. एवढा मोठा बाप्या, पाय दोन्हीकडे लोंबकळत, सीटच्या स्प्रिंगांना धरून. तिची पाठ माझ्या तोंडासमोर होती आणि ती थरथरत होती.

"मितू," मी हळूच विचारलं, "भेव वाटते का वं?"

"हो," ती म्हणाली. "लय वाटते. पण घरी तं जा लागन न, बाबा."